धडा : स्टिअरिंगचं चाक काढायचं कसं आणि पुन्हा बसवायचं कसं



दांडी, उच्छेळी, नवापूर या आपल्या किनाऱ्यावरून बोईसरच्या बाजाराला म्हावरं न्यायचं तर रिक्षावाल्याची मर्जी आणि टोपलीमागे भाडं, हे ठरलेलं. म्हणून काही गट आता जुनी व्हॅन घेण्याच्या विचारात आहेत, काहींनी घेतलीही आहे. गावातल्या बचतगटांच्या हाती गाडी असावी म्हणून केंद्र सरकारने २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली, तेव्हापासून ‘बायका आणि गाडी’ हे काही नवल राहिलेलं नाही. पण गाडी गटाची, हप्ता गटाचा, आणि ती बिघडली की चावी मात्र मिस्त्रीच्या हातात, तो म्हणेल ते खरं. हे बदलायचं तर गाडीच्या दोनचार गोष्टी आपल्याला माहीत हव्यात. या अंकात स्टिअरिंगचं चाक.

हाच विषय का, असं कुणी विचारेल. इंजिन बिघडलं तर गाडी उभी राहते. स्टिअरिंगचं चाक नीट बसवलेलं नसेल तर गाडी उभी राहत नाही. ती चालतच राहते, फक्त वळायची बंद होते. आणि हे चाक धरून ठेवणारा नट असतो एकच.

चाक काढायची वेळ येते कशाला? आपल्याकडे मुख्य कारण खारा वारा. मिठाच्या सत्याग्रहाची दांडी तिकडे गुजरातेत, पण मीठ आपल्या दांडीलाही पुरून उरतं. वलांडीवरचे बोंबील जो वारा सुकवतो, तोच गाडीच्या लोखंडात शिरतो. वरून टोपल्यांतलं बर्फाचं पाणी आणि म्हावऱ्याच्या ओल्या हातांनी धरलेलं स्टिअरिंग. त्यामुळे हॉर्न अडतो. चाकाच्या पाठीमागे पितळेची एक चकती असते, तिच्यावर एक छोटी खिटी टेकलेली असते. चाक कितीही फिरवा, खिटी चकतीवर घासत राहते आणि हॉर्नची वीज पोचते. पितळेच्या भांड्याला जसं हिरवं चढतं तसं त्या चकतीला चढलं की हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. दुसरं कारण, इंडिकेटर आणि दिव्याच्या दांडीचा स्विच. तो चाकाच्या मागेच बसतो, बदलायचा तर आधी चाक काढावं लागतं. तिसरं म्हणजे चाकच उन्हाने तडकतं, चिकट होतं, हाताला काळं लागतं.

आधी एअरबॅग बघा

पुढचं सगळं फक्त एअरबॅग नसलेल्या गाडीसाठी आहे. हे दोनदा वाचा. चाकाच्या मधल्या गादीवर ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ अशी इंग्रजी अक्षरं असतील, तर त्या चाकाला घरी पाना लावायचा नाही. त्या गादीत स्फोटक भरलेलं असतं. अपघातात पापणी लवायच्या आत पिशवी फुगावी म्हणून ते असतं. चुकून पेटलं तर समोर वाकलेल्या बाईच्या तोंडावर आदळेल. बॅटरीची तार काढली तरी त्यात थोडा वेळ वीज साठून राहते, त्यामुळे ‘बॅटरी काढलीय, काय होत नाय’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ते काम कंपनीच्या वर्कशॉपचं.

आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रत्येक कारला ड्रायव्हरसमोर एअरबॅग सक्तीची झाली. पण त्याआधीच्याही कित्येक गाड्यांत ती होती. तेव्हा गाडीचं साल बघून अंदाज बांधू नका, चाकावरची अक्षरं बघा. मारुतीची व्हॅन, जी १९८४ साली आली, पुढे तिला ओम्नी म्हणू लागले आणि २०१९ साली बंद झाली, तिच्यात एअरबॅग नव्हती. पण मधे कुणी दुसऱ्या गाडीचं चाक आणून बसवलं असेल तर? म्हणून अक्षरं बघायची ती बघायचीच.

चाक कशावर बसलेलं असतं

खालून एक लोखंडी दांडा वर येतो. दांडीच्या बायकांना दांडा काय ते सांगायला नको. त्याच्या वरच्या टोकाला बारीक उभे दाते असतात. मक्याच्या कणसावर दाण्यांच्या उभ्या रांगा असतात ना, तसे, फक्त फार बारीक. चाकाच्या मधल्या भोकात आतून तसेच दाते असतात. दाते दात्यांत बसले की चाकाबरोबर दांडा फिरतो. त्यावर वरून नट आवळला की चाक खाली दाबलं जातं आणि निघून येत नाही. म्हणजे वळवायचं काम दात्यांचं, धरून ठेवायचं काम नटाचं. यातला एक जरी ढिला असेल तरी दुसरा फार दिवस टिकत नाही. नट सैल असला तर चाक दर वळणाला थोडं थोडं हलतं आणि दाते झिजतात. दाते झिजले की नट कितीही आवळा, चाक हातात डुगडुगतं.

काढताना

दोघी जणी लागतात. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, टायरला दगड लावा. त्याआधी गाडी दहा-बारा पावलं सरळ पुढे नेऊन थांबवा, म्हणजे पुढची चाकं सरळ राहतात. मग बॅटरीची वजा बाजूची तार काढा. ही तार काढताना पहिली आणि लावताना शेवटची.

चावी काढून घेऊ नका. चावी काढली की स्टिअरिंगला आतून कुलूप लागतं. काही मिस्त्री मुद्दाम ते कुलूप लावतात आणि त्याच्या जोरावर नट सोडवतात, कारण मग चाक धरायला दुसरा माणूस लागत नाही. कुलपाची ती खीळ एवढा जोर सहन करण्यासाठी नसते. ती वाकली तर पुढे कधीतरी कुलूप अडकेल. म्हणून चावी कुलूप उघडेल इतकीच फिरवून ठेवा आणि चाक दुसरीने दोन्ही हातांनी घट्ट धरावं.

आता मधली गादी. काही गाड्यांत ती कडेने बोटं घालून ओढली की निघते, काहींत चाकाच्या मागून दोन स्क्रू असतात. निघत नसेल तर जोर करू नका, मागे स्क्रू शोधा. प्लॅस्टिकची कान तुटली तर गादी पुन्हा बसत नाही. गादीमागे हॉर्नची तार दिसेल. ती सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. त्या फोटोसारखा सोबती नाही.

समोर नट दिसला का? थांबा. पाना लावण्याआधी खूण करायची. दांड्याच्या टोकापासून चाकाच्या मधल्या लोखंडावर जाईल अशी एक सरळ रेघ. मिस्त्री छिन्नीने टोच मारतात, आपण नेलपॉलिश वापरू. पुसत नाही, वाळतं लवकर, घरात असतंच. नटामुळे दांड्याचं टोक नीट दिसत नसेल तर नट थोडा सैल करून मग रेघ ओढा, पण चाक उचलण्याआधी ओढा.

नटाला गोटी लावा, म्हणजे मिस्त्री ज्याला सॉकेट म्हणतात ती. नंबर गाडीगणिक वेगळा, १७ चा असेल, १९ चा असेल, २२ चाही असेल. घालून बघा. चपखल बसली पाहिजे. सैल गोटीने किंवा पकडीने नटाचे कोपरे गोल झाले की मग तो नट कुणाच्या बापाला निघत नाही.

नट सैल झाला की पूर्ण काढू नका. तीनचार आटे राहतील असा ठेवा आणि मगच चाक ओढा. याचं कारण सांगते. गंजाने धरलेलं चाक ओढ ओढ करूनही हलत नाही आणि अचानक सुटतं. नट काढून टाकलेला असेल तर ते थेट हनुवटीवर बसतं. नट जागेवर असेल तर चाक त्याला अडकून थांबतं.

ओढताना दोन्ही बाजू एकदम ओढू नका. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, हलवत हलवत. एकात एक अडकलेले स्टीलचे पेले आपण कसे सोडवतो? सरळ खेचत नाही, जरा डोलवतो. तसंच.

नाहीच सुटलं तर? आपल्या किनाऱ्यावर बहुतेक वेळा नाहीच सुटणार. गंज सोडवणारं तेल दात्यांच्या फटीत फवारा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पुन्हा डोलवा. तरीही नाही, तर पुलर आणा. चाकाच्या मधल्या भागात बहुतेकदा आटे पाडलेली दोन छोटी भोकं असतात, पुलरचे बोल्ट त्यात बसतात, मधला स्क्रू दांड्याच्या टोकाला टेकतो आणि फिरवला की चाक सरळ वर येतं. बोईसरला चांगल्या मिस्त्रीकडे पुलर असतो, नसेल तर त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका.

कारण पुलर नसला की हातोडा येतो. दांड्याच्या टोकावर हातोड्याचे घाव घालून चाक सोडवायची पद्धत आहे, आणि ती वाईट आहे. एक तर टोकाचे आटे चेपतात, मग नट पूर्ण बसत नाही, अर्ध्यावर अडतो आणि आपल्याला वाटतं आवळला. दुसरं, तो दांडा खाली बेअरिंगवर तोललेला असतो, घाव तिथपर्यंत जातो. कित्येक गाड्यांत तर हा दांडा अपघाताच्या वेळी आत दबावा असाच बनवलेला असतो, म्हणजे तो चालवणाऱ्याच्या छातीत घुसत नाही. वरून घाव घालून आपणच त्याला आधी दाबून ठेवला तर? मिस्त्रीने हातोडा उचलला की ‘दादा, राहू द्या, पुलर आणूया’ असं सरळ म्हणायचं. गाडी गटाची आहे, बोलायचा अधिकार गटाचा आहे.

निघालेलं चाक हातात घेऊन

ही वेळ घाई करायची नाही. चाकाच्या भोकातले आणि दांड्यावरचे दाते उजेडात बघा. टोकं धारदार, उभी, सारखी असली तर ठीक. कुठे चपटी, गुळगुळीत, चमकलेली दिसली तर झीज सुरू झालीय. चाकाची झीज असेल तर चाक बदलून भागतं. दांड्याची असेल तर दांडा बदलायचा, मग खर्च वाढला तरी.

पितळेची चकती बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासा, सुक्या फडक्याने पुसा. खिटी बोटाने दाबून बघा, आतल्या स्प्रिंगने परत वर आली पाहिजे. हॉर्न बंद म्हणून नवा हॉर्न विकत घेतलेल्यांना हे आधी सांगायला हवं होतं.

चाक बदलायचंच असेल तर जुनं चाक पिशवीत घालून दुकानात न्या. दात्यांची संख्या आणि भोकाचा आकार जुळलाच पाहिजे. जवळपास जुळतंय, ठोकून बसेल, हे ऐकून घेऊ नका. आणि एक मोह टाळा. छोटं, जाड गादीचं, शर्यतीच्या गाडीसारखं चाक दिसायला छान असतं. पण आपल्या जुन्या व्हॅनला पॉवर स्टिअरिंग नाही. चाक जेवढं लहान तेवढा हाताला जोर जास्त, लांब पान्याने नट सहज सुटतो आणि आखूड पान्याने सुटत नाही तसंच हे. मागे बर्फ आणि म्हावरं भरलेलं असताना अरुंद वळणावर तो फरक खांद्याला कळतो. बाजारात मिळणारं वरचं कव्हरही सैल असेल तर हातात फिरतं. घट्ट बसणारं घ्या नाहीतर घेऊच नका.

बसवताना

दाते कोरड्या ब्रशने साफ करा. त्यावर ग्रीस थापू नका. नेलपॉलिशची रेघ रेघेला जुळवा. इंडिकेटरची दांडी मधोमध ठेवा, कारण वळण झाल्यावर इंडिकेटर आपोआप बंद करणारी कान चाकाच्या मागच्या खाचेत बसायची असते. दांडी वर किंवा खाली राहिली आणि चाक दाबलं तर ती कान तुटते. चाक हाताने दाबून पूर्ण खाली गेलं की चकती घाला, नट आधी बोटांनी फिरवा. बोटांनी पाचसहा फेरे सहज गेला पाहिजे. अडला तर काढा, पुन्हा घाला. पान्याने ओढून बसवलात तर आटे गेलेच म्हणून समजा. नटाच्या आत प्लॅस्टिकचं कडं असेल तर तो नट एकदाच वापरायचा, नवा घ्या. स्प्रिंगची चकती चपटी झाली असेल तर तीही बदला. यांची किंमत टोपलीभर जवळ्याएवढीही नसते.

आवळायचा किती? कमी आवळला तर सुटतो, जास्त आवळला तर आटे फाटतात. पक्का आकडा त्या गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात असतो आणि टॉर्क पाना असलेला मिस्त्री तो आकडा लावून आवळतो. जुन्या हलक्या गाड्यांत हा जोर साधारण ३० ते ५० न्यूटन-मीटर असतो. हे हाताला कसं कळावं? एक फूट लांब पान्याच्या टोकाला १० किलोची टोपली टांगली तर जेवढा जोर पडेल, तो साधारण ३० न्यूटन-मीटर. १५ किलोची टांगली तर ४५ च्या आसपास. टोपल्या उचलणाऱ्या हातांना एवढा अंदाज बरोबर येतो. पण अंदाज गाडी गॅरेजपर्यंत हळू नेण्यापुरता. त्यानंतर टॉर्क पान्याने एकदा तपासून घ्यायचाच. आवळून झाल्यावर नटावर वरून तेलाचं बोट फिरवा, खाऱ्या हवेसाठी. मग हॉर्नची तार, गादी, शेवटी बॅटरी.

गाडी हलवण्याआधी चाक धरून वर-खाली, आत-बाहेर ओढा. टकटक होता कामा नये. हॉर्न चाक सरळ असताना, उजवीकडे पूर्ण आणि डावीकडे पूर्ण फिरवून वाजवा. इंडिकेटर दोन्हीकडचे लावून आपोआप बंद होतात का बघा. मग मोकळ्या रस्त्यावर, रिकामी गाडी, सावकाश.

‘एक दात सरकवून देतो’

हे वाक्य तुम्ही ऐकाल. गाडी सरळ जाते पण चाक वाकडं राहतं, अशी तक्रार घेऊन गेलात की कुणीतरी म्हणतो, “ताई, चाक काढून एक दात सरकवून देतो, दोन मिनिटांचं काम.” यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चाक नुकतंच काढून बसवलं आणि त्यानंतर वाकडं झालं, तर खरंच दात चुकलाय. समजा दांड्यावर ३६ दाते आहेत, पूर्ण फेरी ३६० अंशांची, म्हणजे एक दात चुकला की चाक १० अंश वाकडं. तिथे पुन्हा काढून रेघेला रेघ जुळवणं हाच उपाय.

पण चाकाला कुणी हात लावलेला नसताना एक दिवस ते वाकडं दिसायला लागलं, तर बिघाड खाली आहे. खड्ड्यात आपटून पुढच्या चाकांची एखादी दांडी वाकली असेल, सांधा सैल झाला असेल. पावसाळ्यानंतर आपल्या रस्त्यांवर हे व्हायचंच. तिथे वर दात सरकवला तर चाक सरळ दिसतं, पण खालचा बिघाड तसाच राहतो. टायर एका कडेने झिजत जातो आणि सैल सांधा आणखी सैल होतो. अशा वेळी म्हणायचं, “आधी खालचे सांधे दाखवा, मग अलाइनमेंट करा. चाक काढायचं नाही.” गाडी वर उचलून प्रत्येक सांधा आपल्यासमोर हलवून दाखवायला लावा. जो मिस्त्री दाखवायला कंटाळत नाही, तोच धरून ठेवा.

सैलपणा किती चालतो याला कायदाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ९८ वा नियम सांगतो की स्टिअरिंगच्या चाकात ३० अंशांपेक्षा जास्त मोकळी फिरकी असता कामा नये. ३० अंश म्हणजे घड्याळातला एक तास, बारावरून एकवर काटा जाईल तेवढं. घरी तपासायचं तर गाडी बंद, चाकं सरळ, एकीने स्टिअरिंग बोटाने हळूहळू फिरवायचं, दुसरीने खाली बसून टायरकडे बघायचं. टायर हलायला लागला की “थांब” म्हणायचं. तोवर स्टिअरिंग जेवढं फुकट फिरलं, ती मोकळी फिरकी. मध्यम आकाराच्या चाकाच्या कडेवर ३० अंश म्हणजे जवळजवळ १० सेंटिमीटर. ती कायद्याची शेवटची हद्द झाली. दोन बोटांपेक्षा जास्त फिरलं की आपण गाडी दाखवायची. जुनी व्हॅन विकत घेताना तर हे सगळ्यात आधी करायचं, रंग आणि सीटकव्हर नंतर. एमएच-०४ पाटीच्या कितीतरी जुन्या गाड्या ठाण्याकडून आपल्या भागात विकायला येतात, त्यांचा मागचा इतिहास विकणारा सांगत नाही, पण चाक सांगतं.

पंचसूत्रीत हिशोब लिहायचं सूत्र आहेच. त्याच वहीत गाडीची चार पानं वेगळी ठेवा. चाक कधी काढलं, किती किलोमीटरला, कुणी आवळलं, नट नवा की जुना, खूण केली का, आणि बघायला गटातली कोण उभी होती. साधारण १०० किलोमीटर झाले की गादी काढून नट पुन्हा एकदा पान्याने तपासा, हलला तर तेवढाच आवळा आणि तारीख लिहा. पावसाळा संपला की आणखी एकदा.

पुढच्या अंकात ब्रेकचं तेल. त्यासाठी आपापल्या गाडीचं बॉनेट किंवा सीटखालचं झाकण उघडून ती छोटी पांढरी बाटली कुठे आहे तेवढं आधी शोधून ठेवा.